विद्यापीठाचा क्रमांक कसा लागतो

जून २०२५ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला पेढे वाटावेत अशी बातमी मिळाली. क्यूएस या संस्थेच्या विद्यापीठांच्या जागतिक यादीत विद्यापीठ ६३१ ते ६४० या गटातून थेट ५६६ व्या क्रमांकावर चढले. पुढे सप्टेंबरात केंद्र सरकारची एनआयआरएफ यादी जाहीर झाली आणि तिथे हेच विद्यापीठ देशातल्या विद्यापीठांमध्ये २३ वरून ५६ वर घसरले. त्याच यादीत सिंबायोसिस २४ वे. पिंपरीचे डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठसुद्धा पुणे विद्यापीठाच्या वर. अडीच महिन्यांत गणेशखिंडीच्या आवारात असे काय घडले? काहीच नाही. दोन्ही बातम्या खऱ्या होत्या, कारण दोन्ही याद्या वेगवेगळ्या गोष्टी मोजत होत्या.

"सरकारी विद्यापीठे ढासळली, खाजगी पुढे गेली" हे वाक्य अशा बातमीनंतर लगेच कानावर पडते. त्यात तथ्य नाही असे नाही. पण क्रमांक ही शेवटी एक बेरीज असते, आणि बेरजेत कोणते आकडे घेतले व कोणते सोडले यावर सरकारी आणि खाजगी यांच्यातले बरेचसे अंतर ठरते. म्हणून ती बेरीज उघडून पाहू.

त्याआधी एक घोळ निस्तरायला हवा. "अभिमत म्हणजे खाजगी" असा समज घरोघरी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातल्या कलम ३ नुसार एखाद्या संस्थेला केंद्र सरकार विद्यापीठाचा दर्जा देते, ते अभिमत विद्यापीठ. मग ती संस्था कोणाच्याही पैशावर चालो. एनआयआरएफच्या विद्यापीठांच्या यादीत सुरुवातीपासून पहिली असलेली बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था अभिमतच आहे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था (आयसीटी), पुण्याचे डेक्कन कॉलेज हीही अभिमत आणि सार्वजनिक पैशावर चालणारी. सिंबायोसिस, मणिपाल, बिट्स पिलानी ही अभिमत आणि खाजगी. राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून स्थापन केलेली खाजगी विद्यापीठे हा आणखी वेगळा प्रकार. आपल्या सरकारी कागदांत त्यांना स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे म्हणतात. एमआयटी वर्ल्ड पीस किंवा अजिंक्य डी. वाय. पाटील ही त्यातली. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर ही राज्य सार्वजनिक विद्यापीठे, आणि वर्ध्याचे हिंदी विद्यापीठ केंद्रीय.

हे सांगण्याचे कारण असे की २०२५ च्या विद्यापीठ यादीत पहिल्या दहांत तीनच खाजगी आहेत: मणिपाल, बिट्स पिलानी आणि अमृता. तिन्ही अभिमत, तिन्ही काही दशके जुन्या संस्थांमधून वाढलेली. विधिमंडळाच्या कायद्याने झालेले एकही खाजगी विद्यापीठ त्या दहांत नाही. उरलेली सात सार्वजनिक आहेत, पण त्यांतही राज्य सरकारचे म्हणावे असे एकटे कोलकात्याचे जाधवपूर. बाकी सगळ्यांना केंद्राच्या तिजोरीचा आधार. म्हणजे "सरकारी विरुद्ध खाजगी" हा सामना वाटतो तितका सरळ नाही. खरी ओढाताण राज्याच्या विद्यापीठांची आहे.

आता बेरीज. एनआयआरएफची घोषणा २०१५ मध्ये झाली आणि पहिली यादी एप्रिल २०१६ मध्ये आली. विद्यापीठांसाठी शंभर गुण पाच शीर्षांत विभागले आहेत: अध्यापन आणि साधने यांना ३०, संशोधनाला ३०, पदवीधर बाहेर कसे पडतात याला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १०. बहुतेकांच्या पोटात काही उपघटक. सरकारी संस्था नेमकी कुठे गुण घालवते हे त्या उपघटकांत उतरल्याशिवाय कळत नाही.

शिक्षक-विद्यार्थी प्रमाण घेऊ. अभियांत्रिकीच्या यादीत पूर्ण गुणांसाठी १५ विद्यार्थ्यांमागे १ पूर्णवेळ नियमित शिक्षक लागतो. समजा एका सरकारी महाविद्यालयात १,२०० विद्यार्थी आहेत. म्हणजे ८० शिक्षक हवेत. मंजूर पदांपैकी कित्येक वर्षांत भरलीच न गेलेली वगळता कायम शिक्षक ४८. उरलेले तास तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे, चाळीसेक जण घेतात. विद्यार्थ्याला प्रत्येक तासाला फळ्यासमोर कोणीतरी दिसते. यादीला मात्र ४८ च दिसतात, आणि या उपघटकाचे गुण ६० टक्क्यांवर अडकतात. शेजारच्या खाजगी संस्थेने ८० जण पूर्णवेळ नेमले की तिला पूर्ण गुण. त्यांचा पगार किती, त्यांतले किती जण पुढच्या वर्षी टिकतील, हा प्रश्न या रकान्यात येत नाही. (शिक्षकांचा अनुभव आणि पीएच.डी. यांना वेगळे गुण आहेत, त्यामुळे अगदीच नवखी फौज उभी करून भागत नाही, एवढे म्हणता येईल.)

पुणे विद्यापीठाच्या घसरणीचे कारण शोधताना बहुतेकांचे बोट रिकाम्या पदांकडे गेले ते याचसाठी. महाराष्ट्रात विद्यापीठांच्या प्राध्यापक भरतीचा खेळ कधी वित्त विभागाची परवानगी, कधी आरक्षणाची बिंदुनामावली, कधी निवड पद्धतीतला बदल, असा वर्षानुवर्षे चालला आहे. कुलगुरूंना स्वतःच्या अधिकारात कायम पद भरता येत नाही. खाजगी विद्यापीठाचा कुलसचिव मेमध्ये जाहिरात देतो आणि जुलैत माणूस रुजू होतो. या एका फरकाला मी बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वजन देईन, कारण शिक्षक नसले की संशोधन घटते, पीएच.डी.चे मार्गदर्शक घटतात, प्रकल्प घटतात, आणि हे सगळे पुन्हा वेगवेगळ्या शीर्षांखाली मोजले जाते. एकाच दुखण्याची वजावट चार ठिकाणी होते.

पुढचा उपघटक पैशाचा. दर विद्यार्थ्यामागे संस्था इमारती-उपकरणांवर आणि चालू कारभारावर किती खर्च करते, हे मोजले जाते. जास्त खर्च, जास्त गुण. खर्च कोणाच्या खिशातून झाला हे विचारले जात नाही. वर्षाला काही लाख फी घेणारी संस्था त्याच फीतून प्रयोगशाळा थाटते आणि त्या प्रयोगशाळेचे गुण घेते. काही हजारांत शिकवणारे विद्यापीठ जुन्याच सूक्ष्मदर्शकावर काम भागवते आणि काटकसरीबद्दल त्याचे गुण जातात. आश्चर्य असे की पूर्ण यादीत "फी किती" असा रकानाच नाही. ज्यांची पूर्ण फी परत होते अशा गरजू विद्यार्थ्यांचे प्रमाण पाहिले जाते, पण मुळात फी कमी असण्याला एकही गुण नाही. सामान्य घरातल्या मुलासाठी जी सरकारी विद्यापीठाची सर्वांत मोठी बाजू, ती यादीच्या लेखी अस्तित्वातच नाही.

सर्वसमावेशकतेच्या दहा गुणांतही अशीच एक गंमत आहे. त्यातला मोठा वाटा परराज्यांतून आणि परदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांचा. आता गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ घ्या. नागपूर विद्यापीठातून २०११ मध्ये ते वेगळे काढले तेच मुळी गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांतल्या मुलामुलींना घराजवळ शिकता यावे म्हणून. भामरागडची मुलगी तिथे पदवीधर झाली तर विद्यापीठाने आपले काम चोख केले. पण ती महाराष्ट्रातलीच, त्यामुळे प्रादेशिक विविधतेत शून्य. पुण्याच्या टेकड्यांवर वसतिगृहे बांधून दिल्ली, लखनौ, कोलकात्याची मुले आणणाऱ्या खाजगी विद्यापीठाला मात्र त्याच रकान्यात भरघोस गुण. महिलांचे प्रमाण हा उपघटक त्या मानाने न्याय्य वाटतो: निम्म्या विद्यार्थिनी आणि शिक्षकांत किमान २० टक्के महिला असल्या की पूर्ण गुण.

संशोधनाच्या ३० गुणांची बरीचशी मोजणी स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या दोन परदेशी आधारसूचींवरून होते. शोधनिबंध किती, आणि त्यांना इतरांनी किती वेळा उद्धृत केले, हे त्यातले मुख्य. विज्ञान-तंत्रज्ञानाला हा मापदंड बऱ्यापैकी लागू पडतो. मराठी, इतिहास, संस्कृत, लोकसाहित्य यांच्या वाटेला मात्र जवळजवळ काहीच येत नाही, कारण मराठीतली नियतकालिके त्या सूचींत जवळपास नाहीतच. डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम डॉ. सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये सुरू केले. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि काम अजून चालू आहे. लाखो नोंदपत्रांवर पिढ्यान्‌पिढ्या झिजलेल्या त्या मेहनतीला तीन वर्षांच्या शोधनिबंधांची संख्या मोजणारी यादी काय गुण देणार? असली कामे सार्वजनिक संस्थांतच होतात, कारण खाजगी संस्थेला साठ-सत्तर वर्षे थांबणे परवडत नाही.

मोजणी संख्येची झाली की संख्या फुगवायचे मार्गही निघतात. अनेक संस्था निबंधामागे रोख बक्षीस देतात. खाजगी संस्थांत ही प्रथा जास्त रुजली आहे. चेन्नईच्या एका खाजगी दंतमहाविद्यालयाबद्दल "सायन्स" नियतकालिकाने २०२३ मध्ये वृत्तान्त छापला. पदवीच्या विद्यार्थ्यांकडून परीक्षेतच निबंध लिहून घेतले जातात आणि संस्थेतलेच लोक एकमेकांना भरभरून उद्धृत करतात, असे त्यात होते. ही संस्था त्या वर्षीच्या एनआयआरएफच्या दंत यादीत पहिली होती. २०२५ पासून मागे घेतल्या गेलेल्या शोधनिबंधांसाठी गुण कापायला सुरुवात झाली, ती अशाच प्रकारांमुळे. उशीर झाला, पण झाले हे बरे.

राहिली प्रतिमा. एनआयआरएफमध्ये तिला १० गुण. प्राध्यापक आणि नोकरी देणाऱ्या कंपन्यांचे अधिकारी यांना विचारून ते ठरतात. क्यूएसमध्ये मात्र विद्वानांच्या मताला ३० टक्के आणि नोकरी देणाऱ्यांच्या मताला १५ टक्के, म्हणजे जवळजवळ अर्धे माप कोणाला काय वाटते याचे. शिक्षक-विद्यार्थी प्रमाणाला तिथे फक्त १० टक्के. जुन्या सार्वजनिक विद्यापीठांना हे सोयीचे पडते. मुंबई विद्यापीठ १८५७ चे, पुणे १९४९ चे. त्यांचे माजी विद्यार्थी जगभरच्या विभागांत आणि कंपन्यांत बसलेले असतात. नाव एकदा झाले की ते पद रिकामे पडल्यावरही काही वर्षे टिकते, आणि नव्या संस्थेने कितीही शिक्षक भरले तरी नाव व्हायला काही वर्षे लागतात. त्यामुळे प्रतिष्ठा नेहमी मागच्या काळाबद्दल बोलते. पुणे विद्यापीठ एका यादीत चढले आणि दुसरीत घसरले, त्यामागे मापांमधला हा फरक मोठा आहे.

मापे बदलली की निकाल कसा फिरतो, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण अमेरिकेत सापडते. तिथे "यू. एस. न्यूज"च्या यादीवर हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल अशा श्रीमंत खाजगी विद्यापीठांची सद्दी आहे. २०२३ मध्ये या यादीने वर्गात किती कमी विद्यार्थी आहेत, माजी विद्यार्थ्यांपैकी किती जण देणगी देतात, असे काही निकष काढून टाकले आणि गरीब घरांतल्या विद्यार्थ्यांच्या पदवी पूर्ण करण्याला वजन वाढवले. एका झटक्यात डझनभराहून अधिक सार्वजनिक विद्यापीठे पन्नास किंवा त्याहून जास्त पायऱ्या वर चढली. शिकागो सहावरून बारावर आले, व्हँडरबिल्ट तेरावरून अठरावर, आणि व्हँडरबिल्टच्या प्रमुखांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. कुठल्याच विद्यापीठात तोपर्यंत काहीही बदलले नव्हते. त्याच्या आदल्या वर्षीचा कोलंबियाचा किस्सा तर त्याहून बोलका. यादीत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या या खाजगी विद्यापीठाने पुरवलेली आकडेवारी चुकीची आहे, हे तिथल्याच गणिताच्या प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, सविस्तर दाखवून दिले. त्यानंतर कोलंबिया १८ वर घसरले. आपल्याकडेही बहुतेक आकडे संस्थांनीच भरून दिलेले असतात, हे इथे लक्षात ठेवावे.

आता सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट. "पुणे विद्यापीठ ५६ वे" हे वाचून नाशिक, अहिल्यानगर किंवा बारामतीच्या महाविद्यालयात बी.एस्सी. करणाऱ्या मुलाने हसावे की रडावे? दोन्ही नको. विद्यापीठाच्या क्रमांकात मोजले जातात ते विद्यापीठाच्या आवारातले विभाग. शेकडो संलग्न महाविद्यालये त्यात नाहीत. त्यांना स्वतंत्रपणे नाव नोंदवावे लागते. गुणपत्रिकेवर नाव विद्यापीठाचे असते, शिकवणे महाविद्यालयाचे. त्यात महाविद्यालय सरकारी की खाजगी हा प्रश्नही गुंतागुंतीचाच. १८८५ चे फर्ग्युसन डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे, म्हणजे खाजगी संस्थेचे, पण अनुदानित. त्याच आवारात काही अभ्यासक्रम अनुदानित आणि काही विनाअनुदानित असतात, फी वेगळी, शिक्षकही वेगळे. खाजगी विद्यापीठात हा गुंता नाही: जे आवार, तेच विद्यापीठ, आणि क्रमांकही त्याच आवाराचा. त्यामुळे पुणे विद्यापीठाचा क्रमांक सिंबायोसिसशी ताडणे हे विभागांपुरते ठीक. पदवीच्या विद्यार्थ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

मग यादीचा उपयोग काय? आहे, आणि तो क्रमांकाच्या शेजारच्या दुव्यात आहे. एनआयआरएफच्या संकेतस्थळावर क्रमांक मिळालेल्या प्रत्येक संस्थेपुढे तिचे पाच शीर्षांचे गुण आणि तिने भरून दिलेल्या माहितीची पीडीएफ मिळते. ही पीडीएफ कोणी उघडत नाही, आणि खरा ऐवज तिथेच आहे. तिच्यात मंजूर जागा, प्रत्यक्ष प्रवेश, राज्याबाहेरचे विद्यार्थी, पूर्ण फी परत मिळणारे विद्यार्थी, शिक्षकांची संख्या असे सगळे असते.

त्यातला एक तक्ता आधी पाहावा: किती जण पहिल्या वर्षाला आले, त्यांतले किती ठरलेल्या मुदतीत पदवीधर झाले, किती जणांना नोकरी मिळाली, त्यांच्या पगाराचा मध्यांक किती, आणि किती जण पुढे शिकायला गेले. समजा ६०० आले, ४२० वेळेत उत्तीर्ण झाले, १९० जणांना नोकरी मिळाली आणि मध्यांक साडेचार लाख आहे. मध्यांक म्हणजे त्या १९० पैकी निम्म्यांना याहून कमी. जे नोकरीशिवाय राहिले ते या हिशेबात धरलेलेच नाहीत. महामार्गावरच्या फलकावर याच संस्थेचे "सर्वोच्च पॅकेज ४४ लाख" झळकत असते, ते एका मुलाचे. हा तक्ता सरकारी आणि खाजगी अशा दोन्ही संस्थांचा शेजारी ठेवला की तुलना एका संध्याकाळीत होते. मग संस्थेच्या संकेतस्थळावरच्या शिक्षकांच्या यादीत आपल्या विषयाचे किती जण आहेत आणि त्यांतले किती गेल्या वर्षभरात आले, ते मोजावे.

यादीच्या मधल्या भागातल्या क्रमांकांवर फारसा जीव टाकू नये. चाळिसावा आणि पंचावन्नावा यांच्यातले अंतर अनेकदा थोड्याच गुणांचे असते, आणि शंभरानंतर तर १०१ ते १५० असे गटच दिलेले असतात. पाच शीर्षांचे गुण वेगवेगळे पाहिले तर एकाच क्रमांकाच्या जवळपासच्या दोन संस्था किती भिन्न आहेत हे दिसते: एक संशोधनात पुढे आणि प्रतिमेत मागे, दुसरीचे अगदी उलटे.

माझे मत विचाराल तर मूलभूत विज्ञान, भाषा, इतिहास, अर्थशास्त्र यांत एम.ए., एम.एस्सी. किंवा पीएच.डी. करायची असेल तर आधी सार्वजनिक विद्यापीठाचा विभाग पाहावा, क्रमांक काहीही असो. तिथले जुने ग्रंथालय आणि उरलेले दोन-चार चांगले मार्गदर्शकही पुष्कळ असतात. व्यवस्थापन, माध्यमे, डिझाइन अशा विषयांत उद्योगांशी संबंध जपण्याचे काम खाजगी संस्था बहुधा अधिक नेटाने करतात. अभियांत्रिकीत विभागागणिक चित्र बदलते. तिथे वरचा तक्ता पाहिल्याशिवाय कोणाचेच ऐकू नये.

आणि शेवटी फीचा तो रकाना, जो यादीत नाही, तो स्वतः भरावा. राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये काढलेल्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालयांत मिळते. खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे तिच्यातून वगळलेली आहेत. प्रवेशाच्या कागदावर सही करण्याआधी संस्था यांपैकी कोणत्या प्रकारात मोडते, ते लेखी विचारून घ्या.